बरीच वर्षं उभी असलेली जुनी गाडी उठवताना: किल्ली फिरवण्याआधी काय काय?

जुनंखोड

बारा-पंधरा वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी हाती आली की पहिला मोह ठरलेला असतो. नवी बॅटरी जोडायची, कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल ओतायचं आणि स्टार्टर मारायचा. इतकी वर्षं जे इंजिन कसंबसं शाबूत राहिलं, ते त्या अर्ध्या मिनिटात कामातून जातं. म्हणून हा धागा. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घाला, चुकलं असेल तिथे कान धरा.

नुकसान तीन जागी होतं. पिस्टन ज्या उंचीवर थांबलेला असतो तिथे रिंगांच्या ओळीत सिलिंडरला गंजाचं बारीक कडं धरतं. झटक्यात फिरवलं की रिंगा त्यावर आपटून तुटतात. बेअरिंगवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं, त्यामुळे पहिले काही फेरे कोरडे जातात. आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असला तर रॉकर त्याला दाबायला जातो, व्हॉल्व्ह हलत नाही, पुशरॉड वाकतो. चिकटलेला व्हॉल्व्ह उघड्या अवस्थेत असेल तर वर येणारा पिस्टन त्याला धडकूही शकतो.

म्हणून क्रम असा. प्लग काढायच्या आधी प्लगच्या खळग्यातली घाण हवेने उडवून टाका, नाहीतर ती सगळी थेट सिलिंडरमध्ये. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली पातळ, भिनणारं तेल. दोन दिवस थांबा, पुन्हा तेवढंच. रॉकर कव्हर उघडून प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडा. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, प्लग बाहेरच असताना, क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून हाताने फिरवायला बघा. पाव फेरा पुढे, जरासा मागे, पुन्हा पुढे. अडलं तर थांबायचं. पान्याला पाइप चढवायचा नाही.

नवशिका

दादा, अडलं आणि हललंच नाही तर? सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, रॉकर कव्हर नाहीच. पाना लावला तर पोलादी भिंतीला लावल्यासारखं वाटतं.

तेलकटबोटं

@नवशिका, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये) असेल तर ब्लॉकच्या बाजूला टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला वर ढकलणाऱ्या तुकड्यांची, झाकणं असतात, ती उघडा. स्प्रिंगा दिसतील. कुठला व्हॉल्व्ह वर अडकलाय ते टॅपेट आणि दांड्यामधली फट बघून कळतं. एकाच ठिकाणी ढळढळीत फट दिसली तर तो चिकटलेला. त्या दांड्यावर तेल सोडत राहा. बऱ्याच साइड व्हॉल्व्ह इंजिनांत प्लगचं भोक व्हॉल्व्हच्या डोक्यावरच येतं, तिथून पितळी सळई घालून हलक्या हाताने ठोकता येतं. लोखंडी सळई नको.

जाम इंजिनासाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन सारख्या भागांत मिसळून घालायची पद्धत सगळीकडे चालते आणि ती काम करते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते मिश्रण फार वेळ एकजीव राहत नाही, ओतण्याआधी हलवून घ्यावं लागतं. आणि अॅसिटोनने रंग उतरतो, वाफ पेट घेते. फेंडरवर जाड कापड टाका, जवळ ठिणगी नको.

आठवड्याभरात नाही हललं तर हेड काढायचं. ते काढलेलं परवडतं, गिअर टाकून गाडी दुसऱ्या गाडीने ओढलेली परवडत नाही. ओढल्याने इंजिन सुटतं हे खरं, पण कशाच्या बदल्यात सुटलं ते नंतर कळतं.

डेल्को६व्ही

इंजिनाचा इतका विचार, पण पेट्रोल टाकीचं कुणी बोललंच नाही. धाग्याची सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

जुनं पेट्रोल ओळखायला नाक पुरतं. ताज्या पेट्रोलचा झोंबरा वास जाऊन जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. अशा पेट्रोलवर इंजिन चालवलं तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर राळ बसते, आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनात तेच व्हॉल्व्ह चिकटतात. म्हणजे आधी सुटलेलं इंजिन पुन्हा जाम, वर पुशरॉड वाकलेले. टाकी काढा, रिकामी करा, आतून टॉर्चने बघा. बघायला टॉर्चच; काडी ओढणारे महाभाग आजही आहेत, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

आत हलका गंज असेल तर सायट्रिक अॅसिड, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास, कोमट पाण्यात, एक दिवस. दुसऱ्या दिवशी ओतून धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, लगेच गरम हवेने वाळवा आणि थोडं तेल फिरवा. इथे चहाला जाऊ नका. ओलं उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

जाड गंज असेल तर इलेक्ट्रोलिसिस. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये, भोकात रबरी बूच बसवून मधोमध टांगा. आधी टाकी पेट्रोलच्या वाफेपासून पूर्ण साफ झालेली हवी, कारण या कामात हायड्रोजन सुटतो. उघड्यावर करा, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नका. स्टेनलेसची सळई अजिबात नको. तिच्यातला क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतो. मीठही नको, त्याने क्लोरीन सुटतो.

पितळीनळी

+१, आणि त्यात भर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकणार असाल तर तीन वस्तू आधीच बदला: रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, आणि बुचाचा फ्लोट असेल तर तो. जुन्या कार्बोरेटरमध्ये आणि टाकीच्या गेजमध्ये बुचाच्या फ्लोटला शेलॅकचा लेप असतो. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो. मग दोन घटना एकदम घडतात: विरघळलेला शेलॅक जेटमध्ये जाऊन बसतो, आणि बूच पेट्रोल पिऊन जड होतं, फ्लोट बुडतो, कार्बोरेटर ओसंडतो. ओसंडलेलं पेट्रोल बहुतेक गाड्यांत थेट एक्झॉस्टच्या वर ठिबकतं. पुढचं सांगायला नको.

नळी घेताना वर छापलेलं वाचा. जे३०आर९ लिहिलेली नळी आतून फ्लोरोरबरची असते, इथेनॉलला टिकते. नुसती ‘फ्युएल होज’ म्हणून मिळणारी काळी नळी वर्ष-दोन वर्षांत आतून भुगा सोडते.

नवशिका

शिसं नसलेलं पेट्रोल चालेल का? व्हॉल्व्हच्या सीट झिजतात असं सगळे म्हणतात.

जुनंखोड

गाडी कुठल्या काळातली त्यावर आहे. पेट्रोलमध्ये शिसं घालून विकायला सुरुवात झाली १९२३ मध्ये. त्याआधीची इंजिनं शिशाशिवायच जन्मली, शिशाशिवायच चालली. फोर्ड मॉडेल टीचं कॉम्प्रेशन चारला एकच्या आसपास. तसल्या इंजिनाला आजचं कुठलंही पेट्रोल गरजेपेक्षा चांगलंच आहे. सीट झिजण्याची खरी भीती १९५०-६० च्या दशकातल्या, जास्त कॉम्प्रेशनच्या आणि मोठ्या वेगाने तासन्तास पळवल्या जाणाऱ्या इंजिनांना. तिथेही महिन्यातून दोनदा सावकाश फिरणाऱ्या गाडीसाठी आजच हेड उघडून कडक सीट बसवायची गरज नाही. व्हॉल्व्हची फट नोंदवून ठेवा. ती वारंवार कमी होत गेली तर सीट खाल्ली जातेय असं समजा, आणि हेड उघडाल तेव्हा सीट घाला.

सावकाश_चालवा

सगळे गाडी चालू करायच्या मागे. थांबवायचं कसं?

१९६० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेकचा एकच सर्किट असतो. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. म्हणून इंजिन सुटण्याआधी ब्रेक, आणि हँडब्रेक खरोखर धरतो का तेही.

चारही ड्रम काढा. आतली भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत बोट फिरवा. खड्डे लागले तर नवी रबरं घालून उपयोग नाही, महिन्याभरात गळणार. सिलिंडरला आतून पितळेचा किंवा स्टेनलेसचा लायनर बसवून घेता येतो, मूळ सिलिंडर वाचतो.

रबरी होजपाइप बाहेरून ठणठणीत दिसले तरी बदला. आतून फुगून नळीचं भोक केसाएवढं होतं. पेडल दाबल्यावर दाबाने तेल पुढे जातं पण परत येत नाही. लक्षण असं: ब्रेक सोडला तरी एक चाक धरून राहतं आणि ड्रम तापतो. लोक शूजची अॅडजस्टमेंट करत बसतात. दोष होजचा.

डेल्को६व्ही

ब्रेक ऑइल कुठलं? सिलिकॉनचं डॉट ५ टाका, पाणी शोषत नाही, रंगही खात नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीला तेच बरं.

सावकाश_चालवा

अर्धं बरोबर. डॉट ५ पाणी शोषत नाही, म्हणून आत गेलेलं पाणी थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी साचतं, म्हणजे व्हील सिलिंडरमध्ये, आणि तिथेच गंज धरतो. ओतताना फेस झाला तर बुडबुडे लवकर निघत नाहीत, पेडल स्पंजासारखं लागतं. सगळी लाइन रिकामी, सगळी रबरं नवी, तरच डॉट ५. जुन्या डॉट ३-४ वर ओतायचं नाही. आणि डॉट ५.१ हे नाव बघून फसू नका, ते सिलिकॉन नाही, ग्लायकॉल आहे.

डॉट ४ टाकून दर दोन वर्षांनी बदललं तरी काम होतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ वर येते. चुकून इंजिन ऑइल किंवा त्यासाठी वापरलेलं फनेल ब्रेकच्या डब्याला लागलं तर सगळी रबरं फुगतात, मग सगळंच उघडावं लागतं.

आरेगाडा

चाकांकडे बघा. लाकडी आऱ्यांचं चाक असेल तर जॅक लावून वर घ्या, वरून आणि खालून धरून आडवं हलवा. टकटक असा कोरडा आवाज आला तर आरे सैल आहेत. रात्रभर पाण्यात ठेवून फुगवायचा उपाय सुचवणारे भेटतील. लाकूड फुगतं, चाक घट्ट वाटतं, वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं, कारण फुगताना सांध्यातले तंतू चिरडलेले असतात. सैल चाकावर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. आरे नव्याने बसवणारा कारागीर शोधायचा.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचं, म्हणजे ते फक्त गाडी ढकलायच्या कामाचं. क्रॉस-प्लाय (आतले थर तिरपे, एकमेकांना छेदणारे, जुन्या पद्धतीचे टायर) आणि रेडियल एका अॅक्सलवर कधीच एकत्र नाहीत. पुढे रेडियल, मागे क्रॉस-प्लाय हेही नाही. वळणावर मागची बाजू आधी सुटते.

डेल्को६व्ही

आता विजेचं. बॅटरी जोडण्याआधी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं आहे, ते बघा. बऱ्याच ब्रिटिश गाड्या १९६० च्या दशकापर्यंत पॉझिटिव्ह अर्थ, फोर्डच्या अमेरिकी गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ. उलटी जोडली तरी दिवे लागतात, स्टार्टर फिरतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. अॅम्पिअर मीटर उलटा पडतो, डायनॅमोचं गणित बिघडतं, कुणी आधुनिक इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर ते क्षणात जळतं.

६ व्होल्टची गाडी ‘स्टार्टर जोर करत नाही’ म्हणून १२ व्होल्ट करणारे खूप. नव्वद टक्के वेळा दोष वायरीत असतो. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, आणि कुणीतरी मध्ये कधीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते. ५० चौरस मिलिमीटरची केबल घाला, अर्थची जागा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, इंजिन ते चासी अशी वेगळी अर्थ पट्टी द्या. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलवर, आणि स्टार्टर मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत अजून गंज आहे.

बराच काळ बंद असलेल्या डायनॅमोची चुंबकत्वाची खूण पुसली जाते, तिला पुन्हा दिशा द्यावी लागते. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या दोन टर्मिनलच्या डायनॅमोला डी आणि एफ दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर एफला दोन-तीनदा निसटती टेकवा. ठिणगी उडते, तेवढंच. अमेरिकी डायनॅमोंची पद्धत प्रकाराप्रमाणे बदलते, त्या गाडीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.

तेलकटबोटं

डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीखाली रोटर आहे, त्याचंही सांगून टाकतो. नव्याने बनवलेल्या काही रोटरमध्ये वरची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, आणि रिव्हेट खालच्या दांड्याच्या फार जवळ जाते. प्लास्टिकमध्ये कार्बन जास्त असेल तर ठिणगी तिथूनच अर्थ होते. गार असताना गाडी चालू होते, तापली की मरते, सगळे कार्बोरेटर खोलतात. जुना मूळ रोटर फेकू नका, घासून पेटीत ठेवा. कंडेन्सरचंही तेच, नवा कोरा म्हणजे चांगला असं नाही. बदलताना जुना चालू स्थितीत असेल तर त्यावर ‘चालू’ असं लिहून ठेवा.

पॉइंटची (डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट ल्युकासच्या बऱ्याच डेल्कोंना ०.३५ ते ०.४० मिमी. फिलर गेज घालण्याआधी पॉइंटवरचा उंचवटा घासा, नाहीतर गेज उंचवट्यावर टेकतो आणि फट प्रत्यक्षात जास्त राहते.

नवशिका

नट खोलताना एकही पाना नीट बसत नाहीये. १३ चा जात नाही, १४ चा सैल.

पितळीनळी

ब्रिटिश गाडी दिसतेय. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, पाने घ्या. त्यांच्यावरचं माप नटाच्या रुंदीचं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. १/४ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. म्हणून तुमचं हे असं होतंय. १४ ने जोर लावला तर कोपरे गोल होतील आणि मग छिन्नी.

आट्यांचंही सांभाळा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, त्याच जाडीच्या अमेरिकी यूएनसी मापाच्या बोल्टला १३. दोन-तीन फेरे हाताने जातात, मग अडतं, आणि लोक पाना लावून पुढे दामटतात. आटे गेले. एमजी टीबी आणि पुढच्या टी गाड्यांतल्या एक्सपीएजी इंजिनात तर आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थचं. त्यामुळे डोक्यावरून आटे ओळखायचे नाहीत, आटे मोजायची पट्टी लावायची.

निकेल

खोलाखोलीचा विषय निघालाच आहे तर एक विनंती: काहीही घासण्याआधी, रंग काढण्याआधी फोटो काढा. वॉशर कुठल्या बाजूला होता, वायरीचं कापडी वेष्टन कुठल्या रंगाचं, पत्र्याच्या आतल्या बाजूला खडूने काही लिहिलंय का. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाडीवर चकचकीत क्रोम करून आणतात. तेव्हा निकेलचा मुलामा होता, क्रोम दशकाच्या शेवटी आलं. निकेलला पिवळसर उबदार झाक असते, क्रोमला निळसर. दहा पावलांवरून ओळखू येतं, आणि मूळचा झिजलेला निकेल त्या नव्या क्रोमच्या बदल्यात गेलेला असतो.

जुनंखोड

@निकेल, तत्त्वतः मान्य. पण ब्रेक सिलिंडर मूळचा आहे म्हणून खड्ड्यांसकट ठेवणारेही आहेत.

निकेल

त्यांची बाजू कोण घेतंय? फिव्हाच्या ट्युरिन सनदेतही (जुन्या गाड्या जपण्याची तत्त्वं) वापरातली सुरक्षितता धरलेली आहे. बदला, पण काढलेला भाग चिठ्ठी लावून जपा. रबर, होज, टायर, वायरी हे झिजायचेच भाग. रंग, आतलं कापड, मुलामा हे एकदा गेले की गेले.

नवशिका

फिव्हा म्हणजे? आणि माझी गाडी अँटिक की व्हिंटेज?

आरेगाडा

फिव्हा ही जुन्या गाड्यांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९६६ ची. त्यांच्या लेखी गाडी किमान ३० वर्षांची हवी. अमेरिकेतला अँटिक ऑटोमोबाइल क्लब २५ वर्षं धरतो. ब्रिटनचे व्हिंटेजवाले १९३१ च्या आधीची मागतात, आणि लंडन ते ब्रायटनच्या फेरीत १९०५ च्या आधीचीच. शब्दावरून भांडण नको, ज्या क्लबात जाल त्यांचा नियम विचारा. क्लब मात्र गाठाच. त्या मॉडेलची नोंदवही, सुट्या भागांची यादी आणि तोच बिघाड आधी निस्तरलेली माणसं तिथे असतात.

जुनंखोड

परत मुद्द्यावर. समजा इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे मोकळं फिरतंय. आता ऑइल चेंबर खाली उतरवा. नुसतं तेल काढून नवं भरायचं नाही. जुन्या काळी डिटर्जंट नसलेलं तेल वापरायचे, सगळा गाळ तळाला बसायचा. वर नवं डिटर्जंट तेल ओतलं की तो सुटून फिरायला लागतो, आणि ऑइल फिल्टर नसलेल्या इंजिनात तो थेट बेअरिंगमध्ये. चेंबर खरवडून, पंपाची जाळी धुऊन मग चांगलं डिटर्जंट तेल खुशाल घाला. फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेले, कॅमवर घासत चालणारे) असतील तर झिंक-फॉस्फरस असलेलं. फॉस्फरस १००० ते १२०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके). आजच्या साध्या तेलांत ८०० च्या आत असतो.

पाण्याचं: ब्लॉकचा नळ उघडा. काही आलं नाही म्हणजे ब्लॉक रिकामा असं नव्हे, भोक गाळाने बुजलेलं असतं. तार घालून टोचा. सगळ्यात मागच्या सिलिंडरभोवती गाळ साचतो आणि तोच सिलिंडर तापतो. आणि बिनदाबाच्या रेडिएटरला दाबाची टोपी बसवायची ‘सुधारणा’ करू नका. जुने लेडचे सांधे उकलतात.

मग प्लग बाहेर ठेवून स्टार्टरने फिरवा, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत. दाब आला नाही तर पंप कोरडा आहे. गेजच्या नळीतून तेल भरून पुन्हा. दाब दिसल्यावर प्लग लावा, टाकी न जोडता वर टांगलेल्या छोट्या डब्यातून पेट्रोल द्या, अग्निशामक हाताशी ठेवा, एअर क्लीनर आणि सायलेन्सरच्या तोंडात उंदराचं घरटं नाही ना ते बघून घ्या.

हँडल मारून चालू करणार असाल तर इग्निशन रिटार्ड (ठिणगी उशिरा पडेल असं), अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, आणि खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही. उलटा झटका बसला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, मनगट त्याच्यासोबत जाता कामा नये.

नवशिका

चालू झाली तर किती वेळ ठेवायची?

तेलकटबोटं

दाब दहा-पंधरा सेकंदांत आला नाही तर बंद. आला तर वीस मिनिटं, पाणी पूर्ण तापेपर्यंत. दोन-दोन मिनिटं चालू करून बंद करणं सगळ्यात वाईट. आत पाणी साचतं, तेलात आणि सायलेन्सरमध्ये, ते उडून जायला वेळच मिळत नाही. सुरुवातीचा निळा धूर सिलिंडरमध्ये ओतलेल्या तेलाचा, तो थांबतो. पांढरा दाट धूर थांबला नाही आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेडचं पॅकिंग.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तेल पांढऱ्या भांड्यात काढा आणि तळाशी चुंबक फिरवा. चुंबकाला बारीक काळी लव चिकटली तर घाबरू नका. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी-भुरे पापुद्रे दिसले तर ते बॅबिट आहे, म्हणजे जुन्या बेअरिंगचा मऊ धातू; ओतीव बेअरिंग सुटायला लागलंय. त्या दिवशी गाडी तिथेच ठेवायची आणि चेंबर पुन्हा उतरवायचं.

नवशिका

आज तेल सोडलंय सहाही सिलिंडरमध्ये. तिसऱ्या आणि पाचव्यात तेल जसंच्या तसं उभं आहे, बाकीच्यांतून रात्रीत उतरलं.

जुनंखोड

मग जाम तिथेच आहे, त्या दोघांतच पुन्हा घाला. बाकीच्या चारांत जास्त ओतू नका, तेल चेंबरमध्ये उतरत राहतं. आणि प्लगच्या भोकांवर कापड कोंबताना मोजून कोंबा, सहा घातली तर सहाच काढा.